घरच्यांना अर्ज करता येतो, निर्णय त्यांचा नसतो

मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत नातेवाईक हमखास म्हणतात, "तो स्वतःहून यायला तयार नाही, आम्ही सही करतो, तुम्ही ठेवून घ्या." जवळच्या माणसाची सही असली की प्रौढ माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करता येतं, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. "ठाण्याला पाठवा", "येरवड्याला भरती करा" असं आपण ज्या सहजतेने बोलतो, त्यातूनही तेच दिसतं.

पूर्वी या समजुतीला थोडा आधार होता. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम 19 नुसार नातेवाईक किंवा मित्र अर्ज करू शकत असे. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले लागत, त्यांतला एक डॉक्टर सरकारी सेवेतला असावा लागे. एवढ्यावर रुग्णाला 90 दिवसांपर्यंत ठेवता येई. 29 मे 2018 पासून तो कायदा गेला आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 लागू झाला. आता मर्जीविरुद्ध दाखल करण्याचा मुख्य रस्ता म्हणजे कलम 89. वकील आणि डॉक्टर त्याला सपोर्टेड अ‍ॅडमिशन म्हणतात. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस.

कलम 89 मध्ये कुटुंबाचं काम अर्ज देण्यापुरतं आहे. तोही "कुटुंबाने" द्यायचा नाही, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने द्यायचा (तो कसा ठरतो, ते पुढे येतंच). त्यानंतर दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचं: एक मनोविकारतज्ज्ञ, आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका वगैरे) किंवा डॉक्टर. तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांतली हवी. स्वतंत्रपणे म्हणजे एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने खाली सही ठोकायची असं नव्हे. फाइलमध्ये दोन्ही टिपणं अक्षरशः सारखी असतील, तर पुढे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळासमोर (अशा दाखल्यांची छाननी करणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) किंवा कोर्टात ती फाइल टिकवणं अवघड जातं.

या दोघांना तीन गोष्टींची खात्री पटावी लागते, आणि तिन्ही एकाच वेळी.

पहिली गोष्ट म्हणजे आजार इतका तीव्र हवा की त्यामुळे पुढच्यांपैकी किमान एक घडतंय: त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा तसा प्रयत्न केला, तो दुसऱ्याशी हिंसक वागला किंवा त्याच्यामुळे दुसऱ्याला इजेची भीती वाटली, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही आणि त्यातून त्याला इजा होण्याचा धोका आहे. दुसरी गोष्ट, दाखल करण्यापेक्षा कमी बंधनाचा उपाय उरलेला नाही. हे ठरवताना रुग्णाने आधी लिहून ठेवलेली आगाऊ सूचना (आजारात कसे उपचार हवेत, कसे नकोत याचा कागद) असेल तर तीही बघावी लागते. तिसरी गोष्ट, या घडीला उपचारांबद्दलचा निर्णय स्वतः घेण्याची त्याची क्षमता नाही आणि त्याला प्रतिनिधीच्या फार मोठ्या आधाराची गरज आहे.

नातेवाइकांचा अर्ज अडतो तो बहुधा पहिल्याच अटीवर, आणि कारण साधं असतं. ते लिहितात, "फार त्रास देतो", "ऐकत नाही", "घरात सगळे कंटाळले आहेत". हे सगळं खरं असतं, पण कलमात बसत नाही. त्याऐवजी तारीखवार टिपण आणा. "या तारखेला रात्री दार आतून लावून घेतलं आणि गॅसचा कॉक उघडा ठेवला." "आईवर कोयता उगारला, शेजाऱ्याने सोडवलं." "दहा दिवसांपासून इन्सुलिन बंद केलंय, दोन दिवस पाण्यालाही हात लावला नाही." अशा तीन-चार ओळी तपासणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडतात. त्यासोबत जुन्या उपचारांचे कागद, चालू गोळ्यांची नावं आणि प्रमाण, मधुमेह-थायरॉइड-फिट्स असं काही असेल तर ते, कुठल्या औषधाने पूर्वी त्रास झाला होता, आणि दारू किंवा इतर नशा असल्यास शेवटची कधी केली, हे लिहून न्या. या शेवटच्या नोंदीकडे पुढे पुन्हा यायचंय.

कायद्याने काही दारं मुद्दाम बंद केली आहेत. आंतरजातीय लग्नाचा हट्ट, धर्म बदलणं, नोकरी सोडून देणं, राजकीय मतं, समाजाच्या चालीरीतींत न बसणारं वागणं यांवरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं कलम 3 स्वच्छ सांगतं. पूर्वी कधी दाखल केलं होतं, एवढ्यावरून आजही तो आजारी आहे असं धरता येत नाही. कलम 4 म्हणतं की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, म्हणून त्याची क्षमता गेली असं होत नाही. क्षमता तपासताना तीनच गोष्टी बघायच्या: दिलेली माहिती त्याला समजते का, हो किंवा नाही म्हटल्याचे परिणाम त्याच्या ध्यानात येतात का, आणि तो आपला निर्णय बोलून, लिहून किंवा खुणेने सांगू शकतो का. माहितीही त्याला कळेल अशा भाषेत द्यायची असते. मराठी समजणाऱ्या माणसासमोर इंग्रजी फॉर्म घडाघडा वाचला आणि "ही डझ नॉट अंडरस्टँड" लिहून टाकलं, तर ती क्षमतेची तपासणी होत नाही.

इथे कायद्याची एक बोच आहे. मॅनियाच्या (आजारातून येणाऱ्या अति उत्साहाच्या झटक्याच्या) भरात एखाद्याने दोन दिवसांत फिक्स डिपॉझिट मोडलं, नातेवाइकांच्या नावावर कर्जं काढली, दुकानाचा गाळा कवडीमोलाने विकायला काढला, पण तो कुणाला मारत नाही, स्वतःला इजा करत नाही आणि जेवतोही नीट. कलम 89च्या तीनपैकी एकाही खिडकीतून त्याला आत घेता येत नाही. मालमत्तेच्या गंभीर नुकसानीचा उल्लेख कायद्यात आहे, पण तो कलम 94च्या तातडीच्या उपचारांसाठी आहे, तिथेही ते रोखण्याची गरज तत्काळ असावी लागते. वर्षानुवर्षं संशयाच्या भ्रमात जगणारी, खोलीबाहेर न पडणारी, पण स्वतःचं जेवणखाण सांभाळणारी माणसंही अशीच बाहेर राहतात. घरच्यांची घुसमट खरी असते. तरीही ही खिडकी रुंद करावी असं मला वाटत नाही. "उधळपट्टी करतो" हा निकष झाला, तर पहिल्या वर्षात त्याखाली कोण कोण दाखल होईल, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेकडे बघून सांगता येतं.

प्रतिनिधी कोण?

कुठलाही सज्ञान माणूस साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो नातेवाईकच हवा असं नाही, मित्र चालतो, शेजारीण चालते. असा नेमलेला माणूस असेल तर बायको-भाऊ-वडील सगळे मागे पडतात. तो नसेल तर क्रम असा: आगाऊ सूचनेत नेमलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग काळजीवाहक, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, आणि कुणीच नसलं तर समाजकल्याण खात्याचे संचालक.

आता गंमत बघा. "नातेवाईक" म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने नातं असलेली व्यक्ती, आणि या नातेवाइकांमध्ये आपापसात कायद्याने क्रम लावलेला नाही. बायको म्हणते दाखल करा, भाऊ म्हणतो करू नका. दोघेही एकाच पायरीवर. अशा वेळी हॉस्पिटलने जो आधी आला त्याची सही घेऊन मोकळं व्हायचं नसतं, प्रकरण मंडळाकडे न्यायचं असतं. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही, आणि मग दुसरा पक्ष वकिलाची नोटीस घेऊन येतो.

प्रतिनिधीची सत्ता उपचारांपुरती आहे. बँकेचं खातं चालवणं, फ्लॅट विकणं, भाडेकरूकडून पैसे घेणं, यांतलं काहीही या सहीने मिळत नाही. त्यासाठी कोर्टाची वेगळी वाट आहे. दाखल केल्याच्या कागदावरून माणूस कायद्याच्या नजरेत "अस्वस्थ मनाचा" ठरत नाही, ते सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. घटस्फोटाची तयारी म्हणून जोडीदाराला पंधरा दिवस कुठेतरी ठेवून डिस्चार्ज कार्ड मिळवण्याचे उद्योग होतात. त्यांना हे सांगून ठेवलेलं बरं की सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच, स्किझोफ्रेनियाचं नुसतं निदान घटस्फोटाला पुरत नाही, आजाराची तीव्रता आणि संसारावरचा परिणाम सिद्ध करावा लागतो, असं म्हटलं होतं.

घरातून हॉस्पिटलपर्यंत

सगळ्यात जास्त बेकायदा गोष्टी याच टप्प्यावर घडतात, कारण कायद्याने इथे एक फट ठेवली आहे. कलम 89 साठी तपासणी लागते. तपासणीला तो यायला तयार नाही. मग त्याला उचलून आणायचा अधिकार कुणाला? कलम 89 त्यावर काही बोलत नाही. घरच्यांना तसा अधिकार नाही, हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयला नाही, खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला तर नाहीच. कायद्यात तीन वाटा आहेत आणि तिन्हींच्या अटी वेगळ्या आहेत.

पहिली वाट कलम 94ची. मृत्यू किंवा आरोग्याचं कायमचं नुकसान टाळायला, त्याच्याकडून स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होऊ नये म्हणून, किंवा आजारातूनच येणाऱ्या वागण्यामुळे मालमत्तेचं गंभीर नुकसान होत असेल तर, उपचार तत्काळ गरजेचे असताना कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ते देऊ शकतो. हॉस्पिटलमध्येच असं नाही, घरीसुद्धा. प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती लागते. जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत (म्हणजे मनोरुग्णांना दाखल करून घेणाऱ्या हॉस्पिटलात किंवा केंद्रात) तपासणीसाठी नेणं हाही या उपचाराचाच भाग आहे. मुदत 72 तास किंवा आस्थापनेत तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. या काळात शॉक ट्रीटमेंट देता येत नाही. म्हणजे घरी येऊन इंजेक्शन द्यायचं तर तिथे डॉक्टर हवा, त्याने परिस्थिती बघून लिहिलेलं टिपण हवं, आणि ती परिस्थिती आत्ता, या घटकेची हवी. "उद्या सकाळी सातला गाडी पाठवा" असं आदल्या दिवशी ठरवलेली तातडी कलम 94 मध्ये बसवणं कठीण आहे. डॉक्टरशिवाय आलेल्या दोन धिप्पाड मुलांनी दंडात सुई खुपसणं कुठल्याच कलमात बसत नाही. झोपेच्या इंजेक्शनाने श्वास मंदावू शकतो, विशेषतः पोटात दारू असेल तर, आणि धावत्या गाडीत ते ओळखणारं कुणी नसतं.

दुसरी वाट पोलिसांची, कलम 100. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या, किंवा बेवारस फिरत असलेल्या आणि स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या माणसाला पोलीस संरक्षणात घेऊ शकतात. "अटक" हा शब्द इथे लागू होत नाही. लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा 24 तासांत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ताब्यात का घेतलं हे त्याला, किंवा त्याला समजत नसेल तर प्रतिनिधीला, सांगायचं असतं. ठाण्यावर अजूनही "हे घरगुती प्रकरण आहे" हे उत्तर मिळतं. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. अर्ज लेखी द्या, त्यात कलम 100 लिहा, घटनेची तारीख लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच मागितली की ठाणे अंमलदाराचं ऐकण्याचं प्रमाण वाढतं. हात उगारण्याचा प्रसंग चालू असेल तर आधी 112, अर्ज नंतर.

तिसरी वाट न्यायदंडाधिकाऱ्यांची. घरात डांबून ठेवलेल्या, मारहाण होणाऱ्या किंवा दुर्लक्षित मनोरुग्णाबद्दल कुणीही पोलिसांना कळवू शकतं आणि पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा असतो, हे कलम 101. दंडाधिकाऱ्यांसमोर आलेल्या माणसाला कलम 102 खाली सरकारी आस्थापनेत तपासणी-उपचारांसाठी पाठवता येतं, किंवा तपासणीसाठी जास्तीत जास्त 10 दिवस दाखल ठेवण्याची परवानगी देता येते. जुन्या कायद्यातल्या रिसेप्शन ऑर्डरइतकं (रुग्णाला मनोरुग्णालयात ठेवण्याचा दंडाधिकाऱ्यांचा हुकूम) हे लांब नाही. दहा दिवसांनंतर पुढचं सगळं पुन्हा याच कायद्याच्या अटींवर. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम म्हणजे सहा महिन्यांची सोय, असं कुणी सांगत असेल तर तो जुनं पुस्तक वाचतोय.

या तिन्हींच्या आधी एक कंटाळवाणी पण जास्त वेळा यशस्वी होणारी गोष्ट असते: त्याला पटवणं. "तुला वेड लागलंय, चल" म्हटल्यावर कुणी येत नाही. "झोप नाही लागत ना, त्याचं काहीतरी बघू" म्हटल्यावर बरेच येतात, कारण झोप न लागणं त्यालाही मान्य असतं. टेली मानसचा 14416 हा सरकारी फोन नंबर घरच्यांनाही वापरता येतो. काही मनोविकारतज्ज्ञ घरी येतात. तो आला आणि स्वेच्छेने दाखल झाला, तर ते कलम 86 खालचं स्वतंत्र दाखल होणं, तिथे घरच्यांच्या सहीची गरजच नाही. पण मग जायचं म्हणाला की त्याला सोडावं लागतं. कलम 89 साठी तपासणी करायची असेल तरच 24 तास थांबवता येतं.

जेवणातून गुपचूप थेंब देण्याबद्दल दोन ओळी. हॅलोपेरिडॉलच्या थेंबांना चव नसते, म्हणून हा उपाय घराघरांत चालतो. कायद्याने संमतीशिवाय उपचार नाहीत, हा एक भाग झाला. दुसरा भाग वैद्यकीय: या औषधाने मान किंवा जबडा अचानक आखडू शकतो. आपण कसलंसं औषध घेतोय हे रुग्णालाच माहीत नाही, तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरला कोण सांगणार? आणि एक दिवस त्याला कळलं, की विषप्रयोगाचा त्याचा संशय खराच ठरतो. त्यानंतर तो तुमच्या हातचं पाणीही पीत नाही.

दाखल झाल्यावर

आत गेल्याबरोबर मागायचे कागद: कुठल्या कलमाखाली दाखल केलं त्याची लेखी नोंद, प्रतिनिधीच्या अर्जाची प्रत, दोन्ही तपासण्यांची टिपणं, आणि मंडळाला कळवल्याचा पुरावा. हॉस्पिटलने स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत आणि इतरांबाबत 7 दिवसांत मंडळाला कळवायचं असतं. हे पत्र फाइलमध्ये नसेल तर काहीतरी बिनसलंय असं समजा. अल्पवयीन मुलांची प्रक्रिया कलम 87 मध्ये वेगळी आहे, तिथे पालकच प्रतिनिधी असतात.

उपचारांसाठीही रुग्णाची संमती प्रतिनिधीच्या आधाराने घ्यायची असते. जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तेव्हाच प्रतिनिधी त्याच्या वतीने तात्पुरती संमती देऊ शकतो, आणि तशी दिली असेल तर दर 7 दिवसांनी क्षमता पुन्हा तपासायची. ही साप्ताहिक नोंद फायलींतून हमखास गायब असते. आठवड्याभरात औषध लागू पडलं, माणूस शुद्धीवर आला, आपलं आपण ठरवू लागला, तर त्याला धरून ठेवण्याचा आधारच संपतो. 30 दिवस ही कमाल मर्यादा आहे, कोटा नव्हे.

तीस दिवसांनंतरही गरज असेल तर कलम 90. पुन्हा प्रतिनिधीचा अर्ज, या वेळी दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, आणि धोक्याचं वागणं काही काळ सातत्याने दिसलेलं हवं. 7 दिवसांत मंडळाला अहवाल जातो आणि मंडळ 21 दिवसांत मान्यता देतं किंवा सोडायला सांगतं. मान्यता पहिल्यांदा 90 दिवसांपर्यंत, मग 120, मग प्रत्येक वेळी 180. डिस्चार्जनंतर 7 दिवसांच्या आत पुन्हा दाखल करायचं असेल तरी कलम 90च लागतं. 29व्या दिवशी कागदावर डिस्चार्ज आणि 31व्या दिवशी नवं कलम 89, ही युक्ती जिथे चालते तिथे ती बेकायदा चालते.

भेटी आणि फोन हा रुग्णाचा हक्क आहे. वकील, प्रतिनिधी, मंडळाचे सदस्य, न्यायाधीश, आमदार-खासदार यांच्याशी त्याचा संपर्क तोडता येत नाही. साखळीने बांधणं सरसकट बंद आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेली माणसं जागीच जळाली, एकूण 28 जण गेले, त्यानंतर कायद्याच्या बदलाला जोर आला. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक ट्रीटमेंट देता येत नाही. एकांतकोठडीही बंद.

व्यसनमुक्ती केंद्रं

महाराष्ट्रात सक्तीने उचलून नेण्याचे सगळ्यात जास्त प्रकार सरकारी मनोरुग्णालयांत होत नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, किंवा गोव्यात बांबोळीची संस्था, हल्ली कागदांबाबत सावध असतात. गोंधळ आहे तो शहराबाहेरच्या बंगल्यांत चालणाऱ्या काही केंद्रांत. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येत येतात, त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. विनानोंदणी चालवलं तर पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड, दुसऱ्या वेळी 2 लाखांपर्यंत, पुढे 5 लाखांपर्यंत.

केंद्र निवडताना नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर बघा आणि त्यावरची तारीखही बघा. "सहा महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ" असं सांगत असतील तर त्यांना कलम 89 माहीत नाही किंवा पर्वा नाही. "पहिला महिना भेट नाही, फोन नाही" हा नियमही कायद्याविरुद्धच आहे. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या वारी येतात हे विचारा, नुसतं "व्हिजिट असते" हे उत्तर पुरे मानू नका.

व्यसनात क्षमतेचा प्रश्न अवघड होतो. प्यायलेला माणूस निर्णय घेऊ शकत नाही, पण उतरल्यावर घेऊ शकतो, आणि "मला दारू सोडायची नाही" हा निर्णय कितीही घातक असला तरी तो त्याचा असतो. त्यामुळे केवळ दारू पितो म्हणून कलम 89 लागत नाही. लागतं ते दारूतून भ्रम, हिंसा, आत्महत्येचा धोका किंवा शुद्ध हरपणं असेल तेव्हा, आणि तेही बहुधा थोडे दिवस. शेवटची दारू कधी घेतली ही नोंद इथे जीव वाचवते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण 48 ते 96 तासांत हातपाय थरथरणं, भास, ताप, फिट्स असं गंभीर चित्र उभं राहू शकतं. त्यावर उपचार हॉस्पिटलमध्येच, सलाइन, थायमिन आणि डॉक्टरांच्या देखरेखीत होतात. बंगल्यातल्या बंद खोलीत नेमका हाच काळ काढायला लावणं, हा या धंद्यातला सगळ्यात जीवघेणा भाग आहे.

चुकीने आत टाकलं असेल तर

मंडळाकडे अर्ज रुग्ण स्वतः, त्याचा प्रतिनिधी, किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा माणूस करू शकतो. फी नाही. कलम 89च्या विरोधातला अर्ज 7 दिवसांत निकाली काढायचा असतो. मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा असतो, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोघे जण असे की जे स्वतः या आजारातून गेलेत, काळजीवाहक आहेत किंवा संस्थांचं काम करतात. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील. मोफत वकील हा रुग्णाचा हक्क आहे, 15100 वर विधी सेवा प्राधिकरण मिळतं. मंडळ वेळेत हललं नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज.

असा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. घरच्यांनी पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स आणून एका सज्ञान तरुणीला तिच्या मर्जीविरुद्ध मनोरुग्णालयात नेलं होतं. एप्रिल 2018 मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि भरपाई द्यायला लावली. तेव्हा लागू होता जुनाच कायदा, घरच्यांना जास्त मोकळीक देणारा. त्याखालीही हे टिकलं नाही. नव्या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 ते 5 लाखांचा दंड किंवा दोन्ही. शिवाय बेकायदा डांबून ठेवण्याचा फौजदारी गुन्हा वेगळा, आणि तो डॉक्टरइतकाच सही करणाऱ्या भावावरही लागू शकतो.

ज्या घरात आजार वारंवार उलटतो, तिथे दोन झटक्यांच्या मधला बरा काळ कागदासाठी वापरा. तो बरा असताना त्याला साध्या कागदावर प्रतिनिधी नेमू द्या, आगाऊ सूचना लिहू द्या: कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, कुठलं औषध चालतं, कुठलं नको, शॉक ट्रीटमेंट हवी की नको, घरी मुलांना कोण बघेल. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मंडळाकडे नोंदवा. तो हे कधीही बदलू शकतो. तुमचं नाव काढून मित्राचं घालू शकतो. कलम 94च्या तातडीच्या उपचारांना आगाऊ सूचना लागू होत नाही, आणि तिच्यात बदल हवा असेल तर नातेवाईक किंवा डॉक्टर मंडळाकडे अर्ज करू शकतात. मंडळाचा आदेश येईपर्यंत मात्र त्याने लिहिलेलंच चालतं.